वाड्याच्या चौकात डीजे: ग्वाटेमालातल्या अँटिग्वाच्या पार्टी हॉस्टेलात चार रात्री

चेक-इन केल्यावर रिसेप्शनवरच्या पोरीने तीन गोष्टी हातात दिल्या. मनगटाला बांधायचा केशरी कागदी पट्टा, वेलकम ड्रिंकचं कूपन, आणि प्लास्टिकच्या पुडीत दोन इअरप्लग. इअरप्लग फुकट. मला तिथेच कळायला हवं होतं, खानावळीत ताटाबरोबर न मागता जेलुसिलची गोळी वाढली तर आपण काय समजतो, तेच समजायचं होतं. पण प्रवासाने डोकं दुखत होतं आणि मावसभाऊ मागून ढकलत होता, "ताई चल ना, हॅपी अवर सातला संपतो".

तर आधी हिशोब सांगते. मी छत्तीस वर्षांची, राहते ह्यूस्टनला, मूळची सदाशिव पेठेतली. मावसभाऊ चोवीसचा, इथेच एमएस करतोय. थँक्सगिव्हिंगची सलग सुट्टी आली, ह्यूस्टनहून ग्वाटेमाला सिटी विमानाने जेमतेम तीन तास, आणि तिथून अँटिग्वा तासा-दीड तासावर (शहरातल्या ट्रॅफिकची कृपा झाली तर, आम्हाला सव्वादोन लागले). बुकिंग त्याने केलं, तेही पार्टी हॉस्टेलात, म्हणजे बॅकपॅकर पोरांची स्वस्तातली राहायची जागा, जिथे बार आणि धिंगाणा आतच असतो. मला म्हणाला प्रायव्हेट रूम साठ डॉलर आणि डॉर्म, म्हणजे सगळ्यांच्या खोलीतला एक बंक, अठरा डॉलर, तू ठरव. आता हा प्रश्न पेठेतल्या माणसाला विचारायचा असतो का?

हॉस्टेलचं नाव मी लिहीत नाहीये कारण पुढे थोडं रडगाणं आहे, आणि खरं सांगायचं तर नावाने फारसा फरकही पडत नाही. या गावात पार्टी हॉस्टेलं बरीच आहेत आणि साचा एकच, मनगटाला पट्टा, एक छोटा पूल किंवा हॉट टब, बिअर पाँगचं (कपात चेंडू टाकून प्यायचा खेळ) टेबल, गच्चीवरून ज्वालामुखी, आणि बोर्डावर खडूने लिहिलेला आठवड्याचा कार्यक्रम. आम्ही फिरता फिरता दोन-तीन ठिकाणी डोकावून आलो, बुधवारची क्विझ सोडली तर सगळं सेम.

पहिली गंमत म्हणजे ते सापडतच नाही. शटलवाल्याने सोडलं तिथे एक लांबलचक गेरूच्या रंगाची भिंत, खिडक्यांना लोखंडी गज, आणि एक जाड लाकडी दरवाजा. पाटी नाही, दिवे नाहीत. आम्ही बॅगा घेऊन त्याच दारासमोरून दोनदा गेलो. नंतर कळलं की हे शहर जपायला १९६९ मध्ये वेगळा कायदाच केलाय, निऑनचे बोर्ड आणि रस्त्यावर लोंबणाऱ्या पाट्या चालत नाहीत, त्यामुळे मॅकडोनल्डसुद्धा तिथे सुनेसारखं डोक्यावर पदर घेऊन बसलंय. १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे हे गाव. मला हे प्रचंड आवडलं, आपल्याकडे लक्ष्मी रोडला असा कायदा लावला तर काय दिसेल याचा विचार करत मी दार वाजवलं.

आणि आत पाऊल टाकलं तर मला हसूच फुटलं. वाडा! शब्दशः वाडा. दिंडी दरवाजा, आत देवडीसारखी अंधारी जागा जिथे आता रिसेप्शन, मग एकदम उघडा चौक, चौकाच्या चारी बाजूंनी खांबांची पडवी, पडवीत उघडणाऱ्या खोल्या, आणि आपल्याकडे जिथे हौद किंवा तुळशीवृंदावन असतं तिथे दगडी कारंजं. कारंजं कोरडं, त्यात बिअरचे रिकामे क्रेट. भिंती हातभर जाड आणि इमारत बुटकी, कारण इथे भूकंप हा घरचा पाहुणा. १५४३ मध्ये स्पॅनिश लोकांनी इथे राजधानी वसवली तीच मुळी आधीची राजधानी आग्वा डोंगरावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात गेली म्हणून, आणि ही पण १७७३ च्या भूकंपांत इतकी मोडली की १७७६ मध्ये राजधानी उचलून आजच्या ग्वाटेमाला सिटीला नेली. मागे राहिलेलं गाव ते अँटिग्वा, म्हणजे जुनी. त्यामुळे अर्धी चर्चं अजून छपराविना उभी आहेत आणि उरलेल्या वाड्यांत आम्ही बिअर पितो.

आता मुद्दा. ज्याचं लहानपण वाड्यात गेलंय त्याला चौक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आमच्या वाड्यात खालच्या काकूंनी कुकर उघडला तरी वरच्या मजल्यावर कळायचं आज आमटी आहे का वरण. कोण कोणाशी भांडलं, कोणाला स्थळ आलं, सगळं चौकातून वर यायचं. चौक म्हणजे आवाजाचा हौद आहे, जे टाकाल ते भरून राहतं. आणि या शहाण्यांनी बरोब्बर त्या चौकात बार टाकलाय, बारच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे स्पीकर, आणि चारी बाजूंनी झोपायच्या खोल्या ज्यांचे दरवाजे जुन्या लाकडाचे, खाली दोन बोटं फट. भिंत हातभर जाड असून उपयोग काय, आवाज दारातून येतो. हे कुठल्याही रिव्ह्यूत लिहिलेलं नव्हतं, सगळे लिहितात अमेझिंग व्हाइब्स, म्हणून मी लिहितेय. जुन्या घरात हॉस्टेल असेल तर फोटोत बार कुठे आहे ते बघा. बार गच्चीवर किंवा मागच्या परसात असेल तर झोप मिळायची शक्यता आहे, चौकात असेल तर नाही.

डॉर्म म्हणाल तर चांगलं होतं, खोटं बोलणार नाही. मी सहा जणींच्या लेडीज डॉर्ममध्ये, भाऊ बारा जणांच्या मिक्समध्ये. बंकला जाड पडदा, स्वतःचा दिवा, स्वतःचं चार्जिंग, खाली मोठा ड्रॉवर ज्याला कुलूप आपलं आणायचं. चादर स्वच्छ, ब्लँकेट दोन. दोन लागतात, कारण गाव आहे साधारण १५३० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून शे-सव्वाशे मीटरच खाली, नोव्हेंबरात रात्री चांगलंच गारठतं आणि लोक सेंट्रल अमेरिका म्हणून नुसत्या चड्ड्या घेऊन येतात. अंघोळीला नळाच्या तोंडालाच बसवलेला इलेक्ट्रिक गीझर, दोन वायरी टेप लावून वर गेलेल्या, पाणी बारीक सोडलं तर गरम आणि मोठं सोडलं तर गार, आणि नळाला हात लावला की बोटांना मुंग्या. मी चारही दिवस चपला घालून अंघोळ केली. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात, हे तिथे सगळीकडेच आहे. नळाचं पाणी पिऊ नका.

बुधवारची रात्र मला खरंच आवडली. भावाने दोन गाल्यो आणल्या, ही तिथली बिअर, गाल्यो म्हणजे कोंबडा, लेबलवर कोंबड्याचं तोंड, चव आपल्या किंगफिशरची चुलत बहीण. हॉस्टेलात पंचवीस केत्साल, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बारा. (एक केत्साल म्हणजे तेव्हा साधारण अकरा रुपये, आणि केत्साल हा मुळात त्यांचा लांब शेपटीचा हिरवा राष्ट्रीय पक्षी, नोटेवर उडतो.) आम्ही गच्चीवर जाऊन बसलो. दक्षिणेला आग्वाचा काळा त्रिकोण, पश्चिमेला दोन डोंगर जोडीने, अकातेनांगो आणि फ्युएगो. फ्युएगो म्हणजे आग. खाली चौकात वीस वर्षांपूर्वीचं रेगेटॉन (तिकडचं नाचायचं संगीत), गच्चीवर पंधरा-वीस जण, एक इस्रायली ग्रुप पत्ते खेळतोय, दोन जर्मन मुली कोणाचा तरी टॅटू बघतायत, सगळे एकदम बोलतायत. आणि अचानक लांब अंधारात एक लाल ठिणगी वर गेली, फुलबाजीसारखी, मग हळूहळू डोंगराच्या अंगावरून चार लाल रेघा खाली ओघळल्या. सगळी गच्ची गप्प. पत्तेवाल्यांचे हात तसेच वर. पाच सेकंद असतील, खालचं रेगेटॉन चालूच. मग कोणीतरी ओह म्हटलं आणि सगळे परत बोलायला लागले, आणि पुढचा तासभर एकही माणूस त्या दिशेला पाठ करून बसला नाही.

बारमागे जी पोरं असतात ती तिथली नसतात हे कळायला मला एक रात्र लागली. व्हॉलंटियर म्हणतात त्यांना, बंक फुकट आणि त्या बदल्यात आठवड्यातल्या काही पाळ्या. एक अर्जेंटिनाचा, एक डच, एक ऑस्ट्रेलियाची जी तीन दिवसांसाठी आली होती आणि चार महिने झाले तिथेच आहे. यांचं काम तुम्हाला प्यायला लावणं, आणि ते मनापासून करतात, नावं लक्षात ठेवतात, एकट्या आलेल्याला हात धरून टेबलावर बसवतात. एकटं कोणी आलं असेल तर त्या माणसासाठी ही जागा सोन्यासारखी आहे, मला मान्य. पण सकाळी सहाला मागच्या दाराने तीन बायका येतात, विणलेले हुइपिल, म्हणजे तिथले पारंपरिक ब्लाउज, घातलेल्या, केसांची वेणी पाठीवर, आणि त्या चौक धुतात. फरशीवरची चिकट दारू, बिअर पाँगचे लाल कप, कोणाची तरी एक चप्पल, कधीकधी ओकारी. त्यातली एक गुणगुणत होती. रात्रभर जागून पडवीत बसलेली मी एकटीच त्यांच्या वाटेत होते, पाय वर घेतले तर हसून काहीतरी म्हणाली, मला फक्त "ब्वेनोस दियास" कळलं.

गुरुवारी पब क्रॉल. तीन बार, एक क्लब, एक टीशर्ट आणि प्रत्येक ठिकाणी एक शॉट. मी नको म्हणत होते पण भाऊ म्हणाला ताई तू रिव्ह्यू लिहिणारेस ना मग. पहिला शॉट केत्साल्तेकाचा, उसाची देशी, लेबलवर पारंपरिक कपड्यातली बाई, आणि रंग गुलाबी कारण त्यात रोझा दे हमायका, म्हणजे आपली लाल अंबाडी हो, ज्याच्या बोंडांचं सरबत करतात. पहिला घोट सरबतासारखाच लागतो आणि तिथेच लोक फसतात. आमच्याबरोबर साठेक लोक, पुढे शिट्टी वाजवणारा गाइड, शाळेची सहल निघावी तसे. रस्ते सगळे ओबडधोबड दगडांचे, पुण्यातल्या जुन्या फरसबंदीपेक्षा वाईट, एक ब्रिटिश मुलगी हील्स हातात घेऊन मोज्यांवर चालत होती. चुकायची भीती मात्र नाही, गाव चौकटीच्या वहीसारखं आखलेलं आहे, आवेनिदा उत्तर-दक्षिण, काये पूर्व-पश्चिम, दोन्हींना नुसते आकडे, कितीही प्यायलात तरी आकडे मोजत घरी येता.

वाटेत सांता कातालिनाची ती पिवळी कमान, इन्स्टाग्रामवर अँटिग्वा म्हणून जी दिसते ती. सतराव्या शतकाच्या शेवटी बांधली, कारण कॉन्व्हेंट रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलं होतं आणि आतल्या नन्सना बाहेरच्या जगाने बघायचं नाही असा नियम, म्हणून कमानीच्या पोटातून लपलेली वाट, इकडून तिकडे जायला. त्याच कमानीखाली आता रात्री साडेदहाला साठ माणसं सारख्या टीशर्टात ओरडत सेल्फी काढत होती. मी पण होते त्यात. फोटो आलाय चांगला.

मग क्लब. लेझर, धूर, रेगेटॉन, मधेच दहा मिनिटं सालसा आणि त्या दहा मिनिटांत कळतं कोण तिथलं आणि कोण आमच्यासारखं. बरोबर एक वाजता फटकन सगळे दिवे लागले. मला वाटलं पोलीस आले. तर नाही, नियमच आहे, २००४ पासून देशभर रात्री एक ते सकाळी सहा दारू विकायची नाही. याला ते ले सेका म्हणतात, कोरडा कायदा. म्हणजे ज्याला वाटतं इथे पहाटेपर्यंत धिंगाणा असतो त्याने जरा विचार करावा, गोव्याला मधरात्री रात्र सुरू होते, इथे एकला संपते. आफ्टरपार्टी म्हणून कोणीतरी कानात पत्ता सांगतं, कुठल्यातरी घरात, व्हॅनमधून नेतात. मी गेले नाही आणि भावालाही जाऊ दिलं नाही. अनोळखी देशात रात्री एक वाजता ज्या जागेला नाव नाही तिथे व्हॅनमधून जायचं नाही, यात मला कोणी काकूबाई म्हटलं तर म्हणा.

पण एकनंतरचा तो अर्धा तास मला क्लबपेक्षा जास्त आवडला. सगळी गर्दी एकदम रस्त्यावर, आणि कोपऱ्यावर शुकोची गाडी. शुको म्हणजे तिथला हॉट डॉग, कोळशावर भाजलेला पाव, त्यात भरपूर ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी), उकडलेला कोबी, मेयो, मोहरीचा सॉस आणि सॉसेज. मी हातवारे करून सॉसेज नको सांगितलं. बाईने माझ्याकडे असं बघितलं जसं आपण वडा नको नुसता पाव दे म्हणणाऱ्याकडे बघू. मग तिने स्वतःच्या मनाने ग्वाकामोले दुप्पट भरलं, वर कोबीचा ढीग, आणि पैसे निम्मे घेतले. चार दिवसांत खाल्लेली ती सगळ्यात भारी गोष्ट. शेजारी बंद दुकानाच्या पायरीवर शॉटगन मांडीवर घेतलेला सिक्युरिटी गार्ड, तिथे औषधाच्या दुकानालाही असा गार्ड असतो, तोही शुको खात होता.

परत आलो दीडला, झोपले दोनला, आणि आता खरं रडगाणं. पार्टी हॉस्टेलमध्ये दोन जाती राहतात. एक जी रात्री दोनला येते, आणि एक जी पहाटे चारला उठते, कारण सगळ्या शटल भल्या पहाटे, कोणी लानकिन गावाला चाललंय, कोणी एअरपोर्टला, कोणी ट्रेकला. दोनला येणारे धडपडतात, हसतात, शू शू करतात आणि शू शू चाच आवाज सगळ्यात मोठा. ते घोरायला लागले की चारवाल्यांचे अलार्म. मग चेन. मोठ्या सॅकची चेन एका दमात ओढली तर दोन सेकंद, पण दुसऱ्यांना त्रास नको म्हणून लोक ती हळूऽऽ ओढतात, एकेक दात, मिनिटभर, आणि मग प्लास्टिकच्या पिशव्या. प्रत्येक बॅकपॅकरचे ओले कपडे कॅरीबॅगमध्ये का असतात? इअरप्लग स्पीकरच्या ढम ढमला थोडेफार चालतात, कॅरीबॅगला अजिबात नाही.

शुक्रवारी सकाळी भावाचा अकातेनांगोचा ट्रेक होता, हॉस्टेलच्याच काउंटरवर बुक केलेला. गुरुवारी पब क्रॉल आणि शुक्रवारी ट्रेक असं पॅकेज हे लोक हसत हसत विकतात आणि कोणी सांगत नाही की ही आत्महत्या आहे. डोंगर ३,९७६ मीटर. पहिल्या दिवशी पाच-सहा तास सरळ चढ, ज्वालामुखीची भुसभुशीत राख, पाऊल टाकलं की अर्धं मागे, रात्री ३,६०० च्या आसपास कॅम्प, समोर फ्युएगो, आणि पहाटे चारला परत शिखर. तिकडे हँगओव्हरला गोमा म्हणतात. साहेबांना गोमा. चेहरा अळूच्या पानासारखा हिरवा. दुसऱ्या तासाला वाटेवरच्या झुडपात केत्साल्तेका परत केली आणि मग वीस डॉलर देऊन सॅक एका स्थानिक पोऱ्याकडे दिली, तो पोऱ्या दोन सॅक घेऊन गाणं म्हणत पुढे. पण शनिवारी परत आला तेव्हा बोलतच नव्हता, फोनमधले फोटोही दाखवेना, नुसतं म्हणाला ताई जमीन हलते गं, आधी दिसतं, मग जमीन हलते, मग आवाज येतो. हा मुलगा सहसा इतका वेळ एका विषयावर बोलत नाही. गमतीत घ्यायची गोष्ट नाही ती, जून २०१८ मध्ये याच फ्युएगोने पायथ्याचं आख्खं गाव पुरलं होतं.

शुक्रवारचा दिवस माझा एकटीचा. ला मेर्सेद चर्चसमोर संध्याकाळी गाड्या लागतात, मक्याचं गरम दाट पेय आतोल, केळ्यात काळी उसळ भरून तळलेले रेयेनितोस, कुरकुरीत तोस्तादा. तिथे दोघी-तिघी जणी समोरासमोर बसून हातावर तोर्तिया, म्हणजे मक्याच्या छोट्या भाकऱ्या, थापत होत्या, तो थप थप आवाज ऐकून मला उगाच आजी आठवली. बाजारात वेलची घेतली, पाव किलो, हिरवीगार, कारण जगात सगळ्यात जास्त वेलची निर्यात करणारा देश ग्वाटेमाला आहे आणि गंमत म्हणजे ते स्वतः फारशी खात नाहीत, विकणाऱ्या माणसाने मलाच विचारलं तुम्ही याचं करता काय. चहा, म्हटलं. श्रीखंड समजावायचं माझं स्पॅनिश नाही. परत येताना टुकटुक केली आणि हँडलच्या वर बघते तर बजाज. तिथल्या बहुतेक टुकटुक बजाजच्याच. वाळूजहून किंवा पुण्याकडून बोटीने आलेली रिक्षा, मीटर नाही, आत कुराणातल्या... छे, बायबलमधल्या ओळींचा स्टिकर आणि मागे लाल मखमलीचं कव्हर. ड्रायव्हरला इंदिया म्हटलं तर तो म्हणाला आ, बाजाज! असं जगात पहिल्यांदा झालं की माझ्या देशाची ओळख शाहरुख नाही.

रात्री एकटी काफे नो से मध्ये गेले. अँटिग्वात एकाच बारमध्ये जायचं असेल तर हा. मेणबत्त्या, भिंतींवर पोपडे, कोपऱ्यात एक म्हातारा गिटार घेऊन, आणि आत एक बुटकं दार, वाकून जायचं, तिकडे मेस्कालचा, म्हणजे घायपातापासून केलेल्या मेक्सिकन दारूचा, वेगळा बार. याच बारच्या मालकाने मेक्सिकोच्या वाहाकातून मेस्कालच्या बाटल्या लपवून छपवून आणायला सुरुवात केली, स्वतःच्या गिऱ्हाइकांसाठी, त्यातून इलेगाल नावाचा ब्रँड झाला, आणि २०२३ मध्ये बकार्डीने तो विकत घेतला. स्मगलिंगचं इतकं छान शेवट झालेलं प्रकरण मी दुसरं ऐकलं नाही. मेस्काल धुराची लागते, शेकोटीशेजारी बसून लिंबू सरबत प्यावं तशी. छोटे घोट घ्या, शॉट मारू नका, तिथे मारणाऱ्याकडे वाईट नजरेने बघतात. साडेअकराला निघाले, हॉस्टेल सात मिनिटांवर, तरी उबर केली, एकट्या बाईने एवढे पैसे खर्च करावेत.

शनिवारी गाव एकदम बदलतं. राजधानीतले लोक गाड्या घेऊन येतात, इस्त्रीचे शर्ट, परफ्यूम, पडक्या चर्चमध्ये लग्नाच्या पार्ट्या, फटाके. आठवडाभर जे गाव मळक्या चड्डीतल्या गोऱ्या पोरांचं वाटत होतं ते एका रात्रीत परत ग्वाटेमालाच्या लोकांचं होतं, आणि ते नाचतात पण काय! आमच्या हॉस्टेलमधली निम्मी मंडळी मात्र चौकातच बसून होती, कारण आत हॅपी अवर आणि बाहेर जीन्स घालावी लागते. माझं म्हणणं एवढंच की हॉस्टेलचा बार ही ओळखी करून घ्यायची जागा आहे, दोन बिअर पुरे. जो चार दिवस त्या चौकाच्या बाहेर पडला नाही तो अँटिग्वात आलाच नाही, त्याने बर्लिनमध्ये किंवा बागा बीचवर बसून तेच केलं असतं.

आता बिलाची कथा. प्यायलेलं सगळं पट्ट्यावरच्या नंबरवर लिहितात, शेवटी एकदम पैसे. आमची शटल रविवारी पहाटे साडेचारला, तेव्हा काउंटरवर कोणी नसतं म्हणून शनिवारी रात्रीच हिशोब मागितला. भावाच्या नावावर शुक्रवारी रात्री ११.४० ला दोन मोहितो आणि एक नाचोज. मी म्हटलं हा माणूस तेव्हा ३,६०० मीटरवर तंबूत होता, ट्रेकची पावती तुमच्याच काउंटरची आहे. मुलगा म्हणाला सिस्टीममध्ये दिसतंय. मी म्हटलं सिस्टीमला डोंगर चढायला लाव. मग मॅनेजर आला, पावती बघितली, आमच्याकडे बघितलं, आणि काही न बोलता एकशे पन्नास केत्साल खोडले. माझ्याही बिलात एक बिअर जास्त निघाली. मुद्दाम करतात असं मी म्हणणार नाही, त्या अंधारात आणि त्या आवाजात १४ नंबर आणि ४० नंबर, फोर्टीन आणि फोर्टी, सारखेच ऐकू येतात. पण रोज रात्री काय घेतलं त्याचा फोनमध्ये फोटो किंवा नोंद ठेवा, आणि शुद्धीत असताना हिशोब मागा.

मी पाचातले तीन दिले. भावाने पाच दिले, वर लिहिलं बेस्ट व्हाइब्स. रविवारी पहाटे चारला डॉर्ममध्ये अंधारात मीच सॅकची चेन हळूऽऽ ओढत होते आणि वेलचीची कॅरीबॅग कुठे ठेवावी कळत नव्हतं, वरच्या बंकवरून कोणीतरी कण्हलं. सॉरी म्हटलं.

पैसे वाचवायचे असतील तर प्रायव्हेट रूम घेऊ नका, ती पण चौकातच उघडते, आवाज तोच आणि भाडं तिप्पट. त्यापेक्षा दोन गल्ल्या सोडून साधी शांत जागा घ्या आणि संध्याकाळी इथे प्यायला या, बाहेरच्यांना बंदी नाही. कुलूप घरून न्या, तिथे चाळीस केत्सालला विकतात आणि ते चीनचं पातळ कुलूप. टॉवेलचं डिपॉझिट पन्नास, आपणहून परत देत नाहीत, मागा.